बाहेर पाऊस, खिडकी उघडी

सकाळचे साडेसहा. बाहेर मिट्ट काळोख, छतावर पावसाची रिपरिप, आणि दादा पलंगाशेजारच्या काचेवरून छोटा वायपर ओढतोय. वरून खाली, एका रेषेत. काचेच्या बुडाशी डाव्या हाताने फडकं धरलेलं. चार खिडक्या उरकल्यावर तो फडकं मापाच्या कपात पिळतो आणि कप दिव्याखाली नेऊन बघतो.

‘‘दोनशे मिली,’’ तो म्हणतो. ‘‘फ्रेमच्या खाचेतलं वेगळं.’’

खाचेतलं पाणी तो कापसाच्या काडीने टिपतो. खिडकीच्या अॅल्युमिनियम चौकटीला खालच्या बाजूला बाहेर जाणारी बारीक भोकं आहेत. त्यांत धूळ साचली की पाणी उलटं आत उतरतं, भिंतीच्या पातळ प्लायमध्ये मुरतं, आणि महिन्याभराने प्लायचा पापुद्रा सुटायला लागतो. मी अंथरुणातूनच वर बघतो. छताच्या झडपेभोवती पांढरी प्लास्टिकची पट्टी आहे, ती स्क्रूंनी बसवलेली. मोदकपात्राच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसा प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब लोंबतोय. पट्टीवर नाही, छतावर नाही, फक्त स्क्रूंवर. लोखंड बाहेरची थंडी सरळ आत आणतं, त्यामुळे ओल आधी तिथे दिसते.

‘‘हे गळतंय का रे?’’ मी विचारतो.

‘‘गळत असतं तर एकाच जागी गळलं असतं, आणि वाऱ्याच्या दिशेला. शिवाय पिवळट डाग पडला असता. परवा रात्री आभाळ निवळलेलं होतं, पावसाचा टिपूस नाही, तरी याच्या दीडपट पाणी निघालं. निरभ्र रात्री पत्रा जास्त गार पडतो.’’

आम्ही ऑरेगनच्या किनाऱ्यावर, न्यूपोर्ट गावात आहोत. जानेवारी आहे. याक्विना नदी इथे समुद्राला मिळते. खाडीवर १९३६ सालचा कमानींचा मोठा पूल आहे आणि त्याच्या दक्षिणेला हा ट्रेलर पार्क. उन्हाळ्यात इथे पर्यटक उतरतात. हिवाळ्यात राहतात ती कामाची माणसं: खेकड्यांच्या बोटींवरची पोरं, बांधकामवाले, महिन्याच्या भाड्याने जागा धरलेले म्हातारे, आणि आमच्या वहिनीसारख्या फिरत्या नर्सेस. तिचं काम १३ आठवड्यांच्या कराराचं. करार संपला की नवं गाव, नवं हॉस्पिटल. किनाऱ्यावरच्या गावांत अशा मुदतीसाठी घर मिळणं मुश्कील, कारण बरीचशी घरं पर्यटकांसाठी राखलेली. मुलगा कॉलेजला गेला तेव्हा दोघांनी पोर्टलंडचं घर भाड्याने दिलं आणि हा ट्रेलर घेतला. दादाचं काम लॅपटॉपवर चालतं, त्याला गाव कुठलंही चालतं.

ट्रेलर २५ फूट लांब, आठ फूट रुंद. कपाटं, पलंग, ओटा वगळला तर आत जेमतेम ३० घनमीटर हवा असेल. दादा मला हिशेब सांगतो, आणि तो ऐकल्यावर मी उठून बसतो. २० अंश सेल्सिअसच्या एका घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. म्हणजे या अख्ख्या घराची हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात अर्धा लिटरच मावणार. आणि झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला तीसेक ग्रॅम तरी सोडतोच. दोन माणसं, आठ तास: झाला अर्धा लिटर. स्वयंपाक नाही, अंघोळ नाही, नुसती झोप. चिपळूणच्या घरात एवढी वाफ कौलांच्या फटींतून कधीच निघून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे ती रात्रभर आपल्याबरोबर कोंडलेली असते आणि सगळ्यांत गार जागा शोधते.

एरवी रात्री छताची झडप दोन बोटं उघडी असते. काल नैर्ऋत्येचा वारा सुटला, पाऊस आडवा आत यायला लागला, म्हणून ती लावून घ्यावी लागली. त्याची ही पावती.

जेवणाच्या टेबलावर एक छोटा मीटर आहे. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर ‘+३’. आकडा दिसतोय ६५, म्हणजे खरी आर्द्रता ६८ टक्के. हे ‘+३’ कुठून आलं याची गोष्ट दादा मोठ्या खुशीत सांगतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ते नुसतं ओलसर होईल इतके थेंब पाणी घालायचं, झाकण आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. पिशवीतली हवा आपोआप ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. दादाच्या मीटरने ७२ दाखवले.

मला एकदम आमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवते. जुलै-ऑगस्टात तिला पाणी सुटतं, आई तांदळाचे दाणे टाकून ठेवते. त्यामागे हेच ७५ आहेत तर! हवा त्याच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून पाझरू लागतं, आणि कोकणातला पावसाळा तर दिवसच्या दिवस त्याच्या वर असतो. दादाच्या ओट्यावरचं मीठ मात्र खुळखुळतंय.

पावणेआठला दार वाजतं. वहिनी रात्रपाळी करून आलीय. अंगावर निथळता रेनकोट. ती पायरीवरच थांबते, कोट काढून बाहेरच झटकते, आणि आत येऊन थेट न्हाणीघरात शॉवरखालच्या हुकाला लावते. दादा मागोमाग तिथला पंखा सुरू करतो, दार ओढून घेतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकायचा नाही, हा या घरातला पहिला नियम असावा.

‘‘पोहे करू?’’ ती विचारते.

‘‘झडप उघडतो आधी.’’

आणि दादा भर पावसात छताची झडप उघडतो. वर प्लास्टिकची टोपी आहे, त्यामुळे सरळ पडणारं पाणी आत येत नाही. वारा आता पडलाय. पंखा बाहेर फेकणारा, मध्यम वेगावर. मग तो पुढच्या टोकाची खिडकी बोटभर सरकवतो. गार हवेचा पट्टा माझ्या पायांवरून जातो आणि मी पांघरूण ओढतो.

माझा कोकणी जीव हे मानायला तयार नाही. पावसाळ्यात खिडक्या लावायच्या, कपाटं बंद ठेवायची, पापड-कुरडयांचे डबे घट्ट झाकायचे, यावर आम्ही वाढलो. बाहेर पाऊस कोसळतोय, आणि आत कोरडं व्हावं म्हणून खिडकी उघडायची?

दादा दुसरा मीटर दाखवतो. तो बाहेर, पायरीच्या वर आडोशाला टांगलाय: सहा अंश, ९६ टक्के.

‘‘बघ, शहाण्णव!’’ मी म्हणतो.

‘‘शहाण्णव टक्के, पण कशाचे? सहा अंशांच्या हवेत मुळात सात ग्रॅम मावतात. ती आत येऊन वीस अंशांना तापली की तिच्यात जागा होते सतराची. सतरात सात. किती झाले?’’

चाळीस टक्के. मी गप्प बसतो.

‘‘आपल्याकडे जुलैत बाहेर सत्तावीस अंश आणि नव्वद टक्के. म्हणजे घनमीटरला तेवीस ग्रॅम. ती हवा घरात घेतलीस तर वाळणार काय? आईचं तिथे बरोबरच आहे. इथे ते चालत नाही.’’

पाऊस दोन्हीकडे आहे. न्यूपोर्टला वर्षाकाठी १७५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, बहुतेक हिवाळ्यात. चिपळूणला त्याच्या जवळजवळ दुप्पट, तोही चार महिन्यांत. पण इथल्या थंड पावसाच्या हवेत वाफ फार थोडी असते. डोळ्याला ओलं दिसतं, एवढंच.

तोवर वहिनीने कांदा परतायला घेतलाय. शेगडी इंडक्शनची. ट्रेलरला गॅसची तीन बर्नरची शेगडी आहे, पण तिच्यावर लाकडी फळी टाकून मसाल्याचे डबे मांडलेत. एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी तयार होतं, आणि ते सगळं वाफ होऊन खोलीतच राहतं. पोह्यांचं झाकण काढलं की जेवढी वाफ दिसते, तेवढीच न दिसणारी वाफ ज्योतीतूनही येत असते. रात्री ऊब देणारी ट्रेलरची भट्टीही प्रोपेनवरच चालते, पण तिची जळण्याची पेटी बंद असते. हवा बाहेरून घेते, धूर आणि पाणी बाहेरच टाकते, आत फक्त गरम हवा सोडते. दिवसा विजेचा हीटर.

वीज मात्र मोजकी. १२० व्होल्टवर ३० अँपिअर, म्हणजे ३६०० वॉट, त्यात संसार. हीटर १५००, इंडक्शन १८००. एवढ्यात वहिनी अंघोळीसाठी पाण्याच्या हीटरचं बटण दाबते आणि खट्कन सगळं बंद पडतं. पंखाही.

‘‘अहो!’’

‘‘मी काही केलं नाही.’’

दादा टॉर्च घेऊन ब्रेकर चढवायला जातो. वहिनी मला म्हणते, ‘‘यांना सगळ्या घराची आर्द्रता तोंडपाठ. वॉटचा हिशेब मीच ठेवायचा.’’

पोहे खाऊन होईतो वीसेक मिनिटं गेलीत. मीटर बघतो: ४९, अधिक तीन, ५२. तापमान २० वरून १८ वर उतरलंय. दादा टक्क्यांकडे फारसं बघत नाही, तो दवबिंदू बघतो, म्हणजे ज्या तापमानाला या हवेतलं पाणी सुटायला लागेल ते. सकाळी तो १४ होता, आता आठवर आलाय. मग तो तापमान मोजायची पिस्तुलासारखी वस्तू काचेवर रोखतो. काच नऊ अंशांवर. सकाळी हवा १४ ला पाणी सोडत होती आणि काच नऊवर होती, म्हणून धार लागली होती. आता आठ आणि नऊ. एका अंशाची बाजी. मी काचेवर बोट फिरवतो. कोपऱ्यात अजून पुसट वाफ आहे, मधली काच कोरडी.

या सगळ्यात फुकट काहीच नाही. जी तापवलेली हवा बाहेर फेकली तिची ऊब गेली, आणि ती पुन्हा विकत घ्यायची. महिन्याने राहणाऱ्यांना विजेचं बिल मीटरप्रमाणे वेगळं येतं. म्हणूनच पार्कातली बरीच मंडळी उलट वागतात. फटी बुजवतात, झडपेत उशी कोंबतात, काचेवर चंदेरी फुग्यांची शीट दाबून बसवतात. शीट लावल्याने खोली उबदार वाटते हे खरं. पण खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, काच आणखी गार पडते, कडेच्या फटीतून हवा मात्र तिथे जातेच. शीट काढल्यावर मागून पाण्याचा ओघळ निघतो. पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून हेअर ड्रायरने ताणून घेतलं तर बरं. दादाने पलंगाच्या दोन खिडक्यांना ते केलंय, तिथे सकाळी थोडंच पाणी होतं.

वहिनी झोपायच्या आधी दादा गादी उचलतो. हे आठवड्याचं काम आहे, मी आलोय म्हणून हाताशी माणूस मिळालं. गादीचं एक टोक मी धरतो. खाली प्लायची फळी, त्यावर प्लास्टिकच्या कडक धाग्यांची जाळी, पाऊण इंच जाडीची. ही जाळी नव्हती तेव्हाच्या खुणा फळीवर अजून आहेत. माणूस झोपतो तिथे, बरोबर पाठ आणि कंबरेच्या जागी, राखाडी ठिपक्यांचा नकाशा. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, गार फळीला लागते, आणि तिला निघायला वाट नसते. दादा नाक लावून वास घेतो, मग मला घ्यायला लावतो. लाकडाचा वास. कुबट नाही. डोक्याच्या बाजूला, जिथे फळी बाहेरच्या भिंतीला टेकते, तिथे नवे चार-पाच काळे टिपके सापडतात, मोहरीएवढे. तो साबणाच्या पाण्याने ते पुसतो, कोरड्या फडक्याने टिपतो, आणि गादी भिंतीपासून चार बोटं लांब सरकवतो.

कपाटांतही तेच. बाहेरच्या भिंतीला टेकून कपडे कोंबायचे नाहीत, दारं किलकिली ठेवायची. वहिनीने एक काठापदराची साडी आणली होती, कुठल्याशा मंडळाच्या संक्रांतीला नेसायला. ती आता दादाच्या लॅपटॉपच्या वरच्या कप्प्यात आहे, कारण ती भिंत आतली.

वहिनी पडदा ओढून पडते. ‘‘तो पंखा बंद करा.’’

‘‘हळू करतो.’’

‘‘बंद.’’

‘‘अगं, तू झोपलीस की तुझेच तासाला तीस ग्रॅम...’’

पडद्यामागून उत्तर येत नाही. दादा पंखा बंद करून झडप उघडीच ठेवतो, आणि कोपऱ्यातलं हवा सुकवणारं यंत्र चालू करतो. त्याचाही आवाज आहे, पण तो वहिनीला चालतो, कारण ते पायाशी गरम हवा सोडतं. हे कॉम्प्रेसरचं यंत्र, फ्रिजसारखं. आतल्या गार नळ्यांवर पाणी धरतं, नळीने शॉवरच्या जाळीत सोडतं. वाफेचं पाणी होताना तिच्यातली ऊब खोलीतच उरते, शिवाय खाल्लेल्या विजेचीही. खोली फार गारठली की मात्र त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. आधी त्यांच्याकडे हातात मावणारं एक खेळणं होतं, दिवसाला काही चमचे पाणी काढणारं. ते आता हातोडी-पान्ह्यांच्या खणात ठेवलंय.

पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं बाहेर पडतो. खाडीपलीकडून सी-लायनांचं भुंकणं ऐकू येतंय. शेजारच्या जागेवर एक अमेरिकन आजोबा राहतात, बारा महिने ट्रेलरमध्येच. त्यांच्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या. ते दारातूनच दादाला हाक मारतात.

आत शिरल्या शिरल्या चष्म्यावर वाफ येते. आजोबा काटकसरी आहेत. विजेचा हीटर लावत नाहीत, जमिनीवर ठेवायचा प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर वापरतात. धुरांडं नाही. भिंतींना हात लावला तर ओला होतो. आणि या ओलीवर उपाय म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यांत कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवलेत. त्यातले पांढरे खडे हवेतलं पाणी ओढून विरघळतात, डब्याच्या तळाशी खारट पाणी साठतं. एक डबा कालच कलंडलाय. आजोबांनी तीनदा पुसलं, तरी लादीचा तो तुकडा चिकट आणि ओला. दादा वाकून बघतो. हे पाणी वाळणार नाही, तो सांगतो. त्यात उतरलेला क्षार पुन्हा हवेतून ओल ओढत राहील. आधी भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढायला हवं, नाहीतर खालचे स्क्रूही गंजतील.

मग तो सिलिंडरकडे बोट दाखवतो. नऊ किलोचा. आजोबांना विचारतो, हा किती दिवस पुरतो. साधारण आठवडा, ते म्हणतात.

‘‘म्हणजे आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी तुम्ही घरात ओतताय.’’

आजोबा हीटरकडे बघतात, मग डब्यांकडे. सगळे डबे मिळून दोन लिटरही झाले नसतील. दादा आणखी एक गोष्ट पाहतो: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का. बटण दाबून बघतो. तो किंचाळतो. ठीक आहे. पण खिडकी? सगळ्या बंद. ती मात्र दादा विचारत बसत नाही, उघडूनच टाकतो. आजोबा कुरकुरतात, ऊब जाते म्हणून. तुमच्या मूळ भट्टीला काय झालंय, दादा विचारतो. पंख्याची मोटर गेलीय, तीन वर्षं झाली. मी बघतो संध्याकाळी, दादा म्हणतो, आणि तोवर आमचा जादा विजेचा हीटर त्यांना आणून देतो.

चारच्या सुमारास वहिनी उठते. सातला पुन्हा ड्यूटी. वरण-भाताचा कुकर चढतो, हीटर बंद करून. शिट्टी होते ती थेट उघड्या झडपेखाली, पंखा पूर्ण वेगावर, आणि वाफेचा झोत वळून वर खेचला जाताना दिसतो. वहिनी डब्यातून पोह्याचा पापड काढते, मोडून बघते. कट्कन आवाज होतो.

‘‘पंचेचाळीस-पन्नासच्या आत आहे,’’ ती म्हणते.

दादा मीटर बघतो. ४८.

जेवताना तिचा फोन वाजतो. एजन्सीचा माणूस आहे, पुढच्या कराराबद्दल. ती स्पीकरवर टाकते. दोन जागा आहेत. एक इथेच, ऑरेगनमध्ये, पण आतल्या भागात. दुसरी टेक्ससच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हेस्टनला, जून ते ऑगस्ट. पैसे जास्त गॅल्व्हेस्टनचे. ती उद्या कळवते म्हणून फोन ठेवते.

दादाने घास तसाच धरलाय. ‘‘जुलैत गॅल्व्हेस्टनचा दवबिंदू चोवीस-पंचवीसवर असतो. म्हणजे आपलं चिपळूणच. झडपा सगळ्या बंद. एसी लावला की आतल्या भिंती गार, आणि फटीतून येणारी हवा त्यांच्यावर पाणी सोडणार. बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, सगळा हिशेब उलटा मांडायला लागेल. एसीच्या नळ्यांना वेगळं वेष्टण...’’

‘‘तिकडे गेलो तर भाड्याने घर घ्यायचं,’’ वहिनी वरण वाढत म्हणते. ‘‘विटांचं. ट्रेलर इथेच ठेवू. हवं तर तुम्ही राहा त्याच्यात.’’